हात बसेपर्यंत

पनवेलमध्ये लादीच्या कामाला तोटा नाही. १८५२ साली नगरपालिका मिळालेलं हे गाव १ ऑक्टोबर २०१६ रोजी महापालिका झालं. त्याच्या आधीच, २०१३ मध्ये, भोवतालच्या गावांचं नियोजन ‘नैना’ या नावाखाली सिडकोकडे गेलं होतं. जानेवारी २०२४ मध्ये मुंबईकडे नेणारा अटल सेतू खुला झाला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पनवेलजवळच्या नव्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला तिथून प्रवासी विमानं उडू लागली. मधल्या काळात, ऑक्टोबर २०२४ मध्ये, सिडकोने एकाच योजनेत तळोजा, खारघर, कळंबोली, पनवेल यांसह नवी मुंबईतली २६ हजार घरं विक्रीला काढली. खासगी बिल्डरांचे टॉवर वेगळेच. यातल्या प्रत्येक घरात लादी बसते आणि प्रत्येक न्हाणीघराच्या भिंतीला डाडो, म्हणजे भिंतीवरची लादी, लागतो.

तरीही टाईल्सचं प्रशिक्षण घेऊन, प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये घालून साइटवर गेलेल्या मुलाला बहुतेक ठिकाणी एकच प्रश्न ऐकू येतो: “याआधी कुठे काम केलंयस?” ‘कुठेच नाही’ म्हटल्यावर हातात घमेलं येतं. फाईल कुणी उघडतसुद्धा नाही.

यात ठेकेदाराचा दुष्टपणा असतोच असं नाही. लादीच्या धंद्यात पैसा कसा फिरतो हे पाहिलं की त्याचं वागणं कळतं, आणि नवख्याने कोणत्या दारातून आत शिरावं हेही कळतं.

मोठ्या साइटवर लादी बसवण्याचा दर चौरस फुटावर असतो. जुने मिस्त्री अजून ‘ब्रास’ म्हणतात, म्हणजे १०० चौरस फूट. बिल्डरचा ठेका एकाकडे, त्याच्याखाली दुसरा, त्याच्याखाली चार-पाच मिस्त्र्यांची टोळी, आणि प्रत्येक मिस्त्रीमागे माल कालवून देणारा, लाद्या उचलून आणणारा हेल्पर. आता हिशेब पाहा. आकडे केवळ उदाहरणासाठी घेतलेले आहेत, बाजारभाव म्हणून नव्हेत. समजा दर फुटाला ३० रुपये. मुरलेला मिस्त्री दिवसाला १०० फूट बसवतो, म्हणजे ३,००० रुपये. हेल्परचे ७०० आणि ब्लेड, प्रवास यांचे १०० वजा केले की उरतात २,२००. नवखा दिवसाला ४० फूट बसवतो, म्हणजे १,२००. हेल्परला तेच ७०० द्यावे लागतात, कारण माल कालवणारा माणूस तुम्ही हळू आहात म्हणून कमी पैसे घेत नाही. वरचे १०० गेले की उरतात ४००. म्हणजे वेगातला फरक अडीचपट आणि मिळकतीतला साडेपाचपट. त्यात दोन-चार लाद्या कापताना फुटल्या आणि त्या मजुरीतून कापल्या, तर नवखा त्या दिवशी हेल्परपेक्षा कितीतरी कमी घेऊन घरी जातो.

प्रशिक्षणात ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. तिथे एक चौकट दिलेली असते, वेळ पुरेसा असतो आणि शिक्षक जवळ उभे असतात. लेव्हल, ओळंबा, गुण्या, सांधा हे सगळं मुलगा खरोखर शिकतो. त्याला वेग येत नाही, आणि तो तीन महिन्यांत यायचाही नाही. तेव्हा जिथे फुटावर पैसे आहेत तिथे नवख्याने स्वतंत्र मिस्त्री म्हणून उभं राहू नये. तिथे तो स्वतःच्या खिशातून शिकतो, आणि तेवढा खिसा त्याच्याकडे नसतो.

प्रमाणपत्राबद्दलही एकदा स्पष्ट बोलायला हवं. जर्मनीत फरशी बसवणाऱ्याचं शिक्षण तीन वर्षांचं असतं, कामावर राहून घेतलेलं. पूर्वी तिथे स्वतःचा व्यवसाय काढायचा तर ‘माइस्टर’ ही वरची पदवी सक्तीची होती. २००४ मध्ये पन्नासहून अधिक व्यवसायांची ही अट काढून टाकली, त्यांत फरशीवाले होते. पुढे एकट्याने धंदा करणाऱ्यांची संख्या भराभर वाढली, शिकाऊ मुलं घेणारी दुकानं मात्र घटली. अखेर २०२० मध्ये ती अट फरशीवाल्यांसह बारा व्यवसायांना पुन्हा लागू केली गेली. आपल्याकडे या दाराला कधी कडीच नव्हती. थापी आणि कटर विकत घेतला की माणूस मिस्त्री. जिथे कागदावाचून कुणी अडत नाही तिथे कागदामुळे कुणी पुढेही जात नाही. तरीही बांधकाम क्षेत्राच्या कौशल्य परिषदेच्या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र अगदीच फुकट जात नाही. कंपनीच्या मोठ्या प्रकल्पावर, सरकारी योजनेत, परदेशी भरतीत ते मागतात. पण तिथेही शेवटी हातच बघतात. इस्रायलने नोव्हेंबर २०२३ च्या करारानंतर भारतातून बांधकाम कामगार घेतले, त्यांत सिरॅमिक लादी बसवणारा हा एक स्वतंत्र गट होता. पगार महिन्याला सव्वा लाखाच्या वर सांगितला जात होता, आणि निवडीसाठी उमेदवाराला परीक्षकांसमोर प्रत्यक्ष काम करून दाखवावं लागे.

तर मग पनवेलमध्ये सुरुवात कुठून करायची?

मजूर नाक्याला नावं ठेवायची पद्धत आहे. सकाळी नाक्यावर उभं राहणं कमीपणाचं, असं शिकलेल्या मुलांना आणि त्याहून जास्त त्यांच्या घरच्यांना वाटतं. मला नाक्याची अडचण वेगळी वाटते. तिथे रोज सुटतो, पण हातात येतं ते बहुतेक तोडफोडीचं काम. जुनी लादी उखडायची, डबर गोणीत भरायचं. तेही काही दिवस करावं. उखडलेल्या लादीची पाठ पाहिली की बसवणाऱ्याची चूक समोर दिसते. चार कोपऱ्यांना आणि मध्ये माल, बाकी सगळं पोकळ. वरून काठीने टकटक केली की जो पोकळ आवाज येतो त्याचं कारण हेच. पण महिनोन्‌महिने नाक्यावरच राहिलात, तर थापी हातात येणार नाही.

मुरलेल्या मिस्त्रीच्या हाताखाली राहणं हा जुना रस्ता अजूनही सर्वांत पक्का आहे. मात्र अट आधी बोलून घ्यावी. “दादा, हेल्परच्या रोजावर येतो, पण दर कामात एक जागा मला द्या.” ही जागा दिवाणखान्यातली मागू नये. सुक्या बाल्कनीचा कोपरा, ओट्याखालची लादी, पलंगाखाली जाणारी रांग, जिन्याची पायरी, स्कर्टिंग मागावी. तिथे वेग लागत नाही आणि चूक झाली तरी मालकाच्या नजरेत भरत नाही. चांगला मिस्त्री हे मान्य करतो, कारण ती किचकट कामं त्यालाही नकोच असतात. जो मान्य करत नाही त्याच्याकडे दोन-तीन कामांपलीकडे थांबू नये. त्याला शिकाऊ नको असतो, स्वस्तात बिगारी हवा असतो.

या टोळ्यांची भाषा हिंदी असते. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान इथून आलेली माणसं एकमेकांच्या ओळखीने काम करतात आणि गावाकडचा पोरगा शिकवून तयार करतात. स्थानिक आगरी, कोळी, कुणबी घरांतली मुलं बांधकामात आहेत, पण बहुतेक वाळू-खडी-विटा पुरवण्यात, गाड्यांत, ठेक्यांत. ‘परप्रांतीयांनी कामं घेतली’ हे वाक्य नाक्यापासून व्यासपीठापर्यंत ऐकू येतं. लादीच्या बाबतीत ते मला पटत नाही. गुडघ्यावर बसून आठ तास काम करायची तयारी ज्यांनी दाखवली त्यांच्याकडे काम गेलं. ज्याला ते हवंय त्याने उस्तादाचा प्रांत पाहू नये.

नवख्यासाठी खरी मोकळी जागा आहे ती डागडुजीत. नवीन पनवेल, खांदा कॉलनी, कळंबोली, कामोठे इथल्या जुन्या इमारतींमध्ये अजून मोझेक सापडतं. त्यानंतरच्या इमारतींत व्हिट्रीफाइड आली आणि बऱ्याच ठिकाणी ती एकमेकींना चिकटवून, सांधा न ठेवता बसवली गेली. लादी उन्हाने, उष्णतेने किंचित प्रसरण पावते, खालचा कोबा आणि स्लॅब वाळताना आकसतो. फुगायला जागा नसली की दोन लाद्या एके दिवशी मोठा आवाज करून तंबूसारख्या वर उचलल्या जातात. घरमालक घाबरतो, मिस्त्रीला फोन करतो, आणि मिस्त्री येत नाही. चार लाद्यांसाठी अर्धा दिवस मोडणं त्याला परवडत नाही. त्याचा हिशेब आपण वर पाहिलाच.

नवख्याचा हिशेब इथे उलटा पडतो. या कामाला फुटाचा दर नसतो, काम ‘उधडं’ ठरतं, म्हणजे सगळं मिळून एवढे पैसे. हळू काम केलं तर संध्याकाळ होते, दर कमी होत नाही. चार लाद्या बसवताना जे करावं लागतं ते पूर्ण खोलीतही तेच असतं: जुना माल खरवडून काढणं, शेजारच्या लादीशी लेव्हल जुळवणं, सांध्याची रेघ सरळ धरणं. शेजारच्या बसलेल्या लादीशी मेळ घालणं तर मोकळ्या खोलीपेक्षा अवघडच. उंच-सखलपणा राहिला तर पायाला लगेच ठोकर लागते. न्हाणीघरातली एखादी तडकलेली लादी, ओट्यामागची पट्टी, उंबऱ्याचा दगड, गच्चीवरची सुटलेली चायना मोझेक ही कामं शोधायची तर भाड्याच्या घरांचे एजंट, सोसायटीचे मॅनेजर आणि प्लंबर यांना भेटावं. प्लंबर सर्वांत महत्त्वाचा, कारण गळती शोधायला तो लादी फोडतो आणि मग ती बसवायला त्याला माणूस हवा असतो.

इथे एक सावधगिरी. ‘गळती बंद करून द्याल ना?’ असं विचारलं तर हो म्हणू नये. वरची लादी आणि सांधे पाणी बऱ्यापैकी अडवतात, पण वॉटरप्रूफिंग हा लादीखालचा थर आहे, ते वेगळं काम आणि वेगळी जबाबदारी आहे. पनवेलच्या पावसात नवख्याने दिलेली अशी हमी पहिल्या जुलैतच उघडी पडते.

दुसरं दार टाईल्सच्या दुकानाचं. देशातल्या सिरॅमिक लाद्यांचा बहुतांश माल गुजरातमधल्या मोरबीहून येतो. घर सजवणारा माणूस दुकानात जातो, लादी पसंत करतो आणि विचारतो, “बसवणारा आहे का कुणी?” दुकानदाराच्या वहीत पाच-सहा नावं असतात. त्या वहीत नाव चढवायचं तर दुकानदाराच्या कामाचं काही तरी यायला हवं, आणि ते म्हणजे अचूक मोजमाप. ‘दोन बाय दोन’ म्हणून विकली जाणारी लादी प्रत्यक्षात ६०० मिलिमीटरची असते, दोन फुटांना साडेनऊ मिलिमीटर कमी. चार लाद्यांचा बॉक्स १६ नव्हे, साडेपंधरा चौरस फूट भरतो. १२० फुटांच्या खोलीला आठ टक्के फुटतूट धरली तर सुमारे १३० फूट लागतात. आठ बॉक्स १२४ फूट होतात, म्हणजे नऊ घ्यावे लागतात. आठच घेतले तर शेवटच्या कोपऱ्यात काम अडतं आणि दुसऱ्या खेपेला आलेल्या बॉक्सवरचा शेड नंबर वेगळा निघतो. हा हिशेब कागदावर करून देणारा मुलगा दुकानदाराच्या लक्षात राहतो, कारण परत आलेल्या गिऱ्हाइकाची कटकट त्यालाच सोसावी लागते.

मांडणीचंही तसंच. १२४ इंच रुंदीच्या खोलीत एका भिंतीपासून सुरुवात केली तर पाच पूर्ण लाद्या बसतात आणि पलीकडे साडेपाच-सहा इंचांची बारीक पट्टी उरते, ती दारातून आत येणाऱ्याला पहिली दिसते. चार पूर्ण लाद्या मध्ये घेतल्या तर दोन्ही कडांना साडेचौदा इंचांचे तुकडे येतात आणि खोली नीट दिसते. लादीला माल लावण्यापूर्वी ती सुकी मांडून पाहणं, दोरी धरणं, एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट मोजून तिरपं पाच फूट भरतंय का बघणं, याला अर्धा तास लागतो. फुटावर काम करणारे पुष्कळ मिस्त्री हा अर्धा तास वाचवतात. नवख्याने तो घालवावा.

तिसरी गोष्ट नव्या प्रकारच्या लाद्यांची; तिच्यात नवखा जुन्याच्या पुढे असू शकतो. पूर्वीची भिंतीची लादी सच्छिद्र असायची, वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक पाणी पिणारी. म्हणून ती बसवण्यापूर्वी हौदात भिजवत. नाहीतर ती सिमेंटमधलं पाणी ओढून घेई आणि पकड ढिली पडे. व्हिट्रीफाइड लादी अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही. तिला भिजवून काही मिळत नाही आणि साध्या सिमेंटच्या रबडीला धरायला तिच्या पाठीत छिद्रं नसतात. तिला ॲडेसिव्ह लागतं, ते दातेरी थापीने एकाच दिशेने ओढावं लागतं आणि साधारण वीस मिनिटांत, वरची साय धरण्याआधी, लादी त्यावर दाबावी लागते. चार बाय दोन किंवा त्याहून मोठी लादी असेल तर तिच्या पाठीलाही पातळ थर द्यावा लागतो. लांब लादी मध्ये किंचित फुगीर असते. तिला विटेसारखी अर्ध्यावर जोडली तर शेजारच्या लादीचा सखल भाग तिच्या उंचवट्याशी येतो आणि ठोकर तयार होते. म्हणून जोड एक तृतीयांशावर घेतात. पंचवीस वर्षं वाळू-सिमेंटवर काम केलेल्या काही मिस्त्र्यांना हे पटत नाही. प्रशिक्षणात मात्र हेच शिकवतात. ॲडेसिव्ह बनवणाऱ्या कंपन्या दुकानांमार्फत मिस्त्र्यांचे मेळावे घेतात, तिथे जरूर जावं. चहा-नाश्ता मिळतो, आणि त्याहून कामाची गोष्ट म्हणजे ठेकेदारांची ओळख होते.

स्वतःचं पहिलं स्वतंत्र काम म्हणून लहान न्हाणीघर घ्यावं असं मी म्हणेन, दिवाणखाना नव्हे. पाच बाय सात फुटांच्या न्हाणीघरात जमीन ३५ फूट, सात फूट उंच डाडो दार वजा जाता दीडशे फुटांच्या आसपास. एवढ्याशा जागेत सगळं काही येतं: ओळंबा, नळांची भोकं, कोपऱ्यातली ४५ अंशांत घासलेली कड, न्हाणी ट्रॅपकडे ढाळ. ढाळ सात फुटांना साधारण एक इंच पुरतो. भिंतीची पहिली रांग जमिनीवर टेकवून सुरू करू नये. लेव्हल पाईपने रेघ मारून, फळीचा आधार देऊन दुसऱ्या रांगेपासून चढावं आणि खालची रांग शेवटी कापून बसवावी. काम झाल्यावर, सांध्यांत भरलेलं ग्राउट सुकल्यावर, मालकासमोर बादलीभर पाणी ओतावं. पाणी कुठेही न साचता जाळीत गेलं की त्याचा मोबाईलवर व्हिडिओ घ्यावा. पुढच्या गिऱ्हाइकाला चकचकीत फोटोपेक्षा हे वाहतं पाणी जास्त पटतं. फोटो घ्यायचेच तर लादी बसवण्याआधीचा कोबा आणि मधली लेव्हल यांचे घ्यावेत. झाकलं गेलेलं काम दाखवायला धीर लागतो.

अनुभव विचारला तर खोटं बोलू नये. ‘पाच वर्षं करतोय’ म्हणणाऱ्याचं बिंग कटर धरताक्षणी फुटतं. ‘शिकून आलोय, उस्तादाकडे आहे, लहान कामं स्वतः करतो, हे केलेलं काम’ एवढं सांगितलं की गिऱ्हाईक दर कमी करायला पाहील, पण काम देईल. दर थोडा कमी करावा, जबाबदारी वाढवू नये. माल मालकाने आणायचा, आपण यादी द्यायची. तोडफोड, डबर खाली नेणं, जुना उंबरा काढणं यांतलं काय मजुरीत आहे आणि काय नाही, हे व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायचं. सोसायटीची परवानगी आणि कामाच्या वेळा मालकाने घ्यायच्या. पैसे तीन टप्प्यांत: थोडे सुरुवातीला, मोठा भाग डाडो झाल्यावर, उरलेले ग्राउटनंतर. नवख्यांचे पैसे बुडतात ते बहुधा शेवटच्या टप्प्यात, म्हणून तो टप्पा लहान ठेवावा.

हत्यारांवर सुरुवातीला फार खर्च करू नये. थापी, दातेरी थापी, रबरी हातोडी, चांगला स्पिरिट लेव्हल, गुण्या, लेव्हल पाईप, स्पेसर आणि हाताने ओढायचा कटर एवढ्यावर डागडुजीचं काम निघतं. प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आहे, पण तिच्या १८ व्यवसायांत लादीवाला स्वतंत्र नाही, राजमिस्त्री आहे. त्या नावाखाली अर्ज बसतो का, हे आधी विचारून घ्यावं. ज्या दोन वस्तूंवर कंजुषी करू नये त्या म्हणजे गुडघ्याचे पॅड आणि मास्क. ग्राइंडरने कोरडी लादी कापताना उडणाऱ्या पांढऱ्या धुळीत सिलिका असते. ती फुप्फुसात कायमची बसते आणि वर्षांनी सिलिकोसिस होतो. त्यावर औषध नाही. पाण्याची धार सोडून कापावं, घरमालक चिखलाला कुरकुरला तरी.

आणि पहिल्या दिवसापासून एक वही ठेवा: तारीख, जागा, ठेकेदाराचं नाव, काय काम केलं. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे १८ ते ६० वयाच्या कामगाराची नोंदणी होते. त्यासाठी मागच्या वर्षभरात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. हेल्पर म्हणून भरलेले दिवसही त्यात धरले जातात. मुलांची शिष्यवृत्ती, आजारपणातली आणि अपघातातली मदत हे सगळं त्या नोंदणीवर अवलंबून आहे. दाखला ठेकेदार देतो, आणि काम संपून टोळी दुसऱ्या साइटवर गेली की तो सापडत नाही. तो आहे तोवरच मागून घ्या.